आधी शाळेच्या संडासाचा फोटो काढू द्या

फेब्रुवारी संपत आला होता तेव्हा एका मित्राचा फोन आला की आमच्या तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये दोन दिवसांचं वर्कशॉप ठेवलंय, विषय मोबाईल पत्रकारिता, तू ये, नाहीतरी तुला काही काम नसतं. (असतं. पण असो.) गेलो. आठवी-नववीची चाळीसेक पोरं, मागे फ्लेक्स, फ्लेक्सवर चार मान्यवरांचे फोटो आणि कोपऱ्यात बारीकसं मोबाईलचं चित्र. शहरातून आलेल्या सरांनी पहिल्या दिवशी शिकवलं ते असं की मोबाईल आडवा धरा, लेन्स शर्टाच्या टोकाने पुसून घ्या, फ्लाइट मोड टाका म्हणजे शूट चालू असताना आत्याचा फोन येणार नाही, वायरवाला इअरफोन असेल तर त्याचा माईक कॉलरला अडकवा, एका शॉटवर निदान दहा सेकंद हात हलवू नका. सगळं बरोबर, उपयोगाचं, मलाही यातल्या दोन गोष्टी माहीत नव्हत्या. मग प्रॅक्टिकल. पोरं ग्राउंडवर गेली आणि तासाभरात परत आली ती वृक्षारोपणाच्या सात बातम्या घेऊन. सात! झाड एकच, गट सात, आणि सगळ्यांच्या शेवटी "कॅमेरामन अमुकसह मी तमुक".

आता यात पोरांचा काय दोष. त्यांना बातमी म्हणून जे दिसतं तेच त्यांनी केलं. टीव्हीवर ओरडणारा अँकर दिसतो, आणि गावात बूम (चॅनलचं नाव लावलेला माईक) घेऊन फिरणारा यूट्यूब चॅनलवाला दिसतो, ज्याच्या गाडीवर नंबरपेक्षा 'प्रेस' मोठं लिहिलेलं असतं. हा माणूस रेशन दुकानासमोर शूट करतो, वाळूच्या ट्रॅक्टरसमोर शूट करतो, आणि मग व्हिडिओ टाकायचा की नाही ते हॉटेलात चहा पिता पिता ठरतं. सगळे असले नसतात, काही जण पदरचं पेट्रोल घालून खरंच चांगलं काम करतात हे मी पाहिलंय, पण पोरांच्या डोळ्यात भरतो तो बूम आणि त्या बूमला घाबरणारे लोक. त्यामुळे नुसता कॅमेरा शिकवला तर आपण बूमवाल्यांची पुढची बॅच तयार करतोय, दुसरं काही नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. शाळेत नागरिक पत्रकारिता, म्हणजे साध्या माणसाने स्वतः बातमी करणं, शिकवावी, नक्की शिकवावी, पण त्यात कॅमेरा सगळ्यात शेवटी यावा आणि पोरांची पहिली बातमी शाळेच्या आवारातली, शाळेला अडचणीत आणणारी असावी. ज्या शाळेला हे झेपत नाही तिने रांगोळी स्पर्धा घ्यावी, तीही चांगलीच असते.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते सांगतो म्हणजे मी असं का म्हणतोय ते कळेल. मी पोरांना विचारलं की झाड सोडा, गावात सध्या लोक कशावरून भांडतात? सगळी एकदम ओरडली, टँकर. एका पोराने लगेच मोबाईल काढून क्लिप दाखवली. टँकर आलाय, पाईप सोडलाय, बायकांची झोंबाझोंबी, हंडे आपटतायत, एक बाई चिखलात घसरून पडते, तिथे स्लो मोशन आणि मागे दर्दभरं गाणं. स्टेटसला टाकली होती, गावभर फिरली, खूप लोकांनी हसण्याचे इमोजी टाकले. पोराला त्याचा अभिमानच होता. तेवढ्यात मागून कुणीतरी हळूच बोललं की सर, ती पडलेली मावशी सातवीतल्या अमक्याची आई आहे, तो तीन दिवस शाळेत आला नाही. वर्गात एकदम सामसूम. आदल्या दिवशी कॅमेरा अँगलवर दीड तास झाला होता, आणि पडलेल्या माणसाचा व्हिडिओ टाकण्याआधी त्याला विचारायचं असतं यावर दीड मिनिटसुद्धा नाही.

मग शेवटच्या बाकावरची एक मुलगी बोलली. नववीतली, फार बोलणारी नाही. म्हणाली, सर, टँकरच्या वहीत तीन खेपा लिहितात पण येतात दोनच. तुला कसं माहीत? तर म्हणे ड्रायव्हरच्या वहीवर आईची सही घेतात, आणि नंबर धरायला मलाच पाठवतात म्हणून मी लिहून ठेवते. गणिताच्या वहीची मागची पानं उघडली तिने. सतरा दिवस. तारीख, वाजले किती, खेप कितवी, आणि एका रकान्यात नुसतं 'पूर्ण' किंवा 'पाऊण', कारण टँकर भरलेला आहे का ते ती झाकण उघडल्यावर आत काठी घालून बघणाऱ्या आजोबांना विचारायची. सतरापैकी अकरा दिवस दोन खेपा, सहा दिवस तीन. पेन्सिलने, खाडाखोड करून लिहिलेलं. मी इतकी वर्षं पेपर वाचतोय, पण त्या पानांइतकी भारी बातमी बऱ्याच दिवसांत वाचली नव्हती.

आणि इथेच आम्ही मोठी चूक करणार होतो. सगळ्यांना चेव चढला, मलासुद्धा, की आता टाकूया 'अकरा दिवस पाणी चोरलं'. नशीब शहरातले सर शहाणे होते, ते म्हणाले समोरच्याला विचारलं का? मग दोन पोरं ग्रामसेवकाकडे गेली. तो वैतागला, पण त्याने सांगितलं की ज्या दिवशी गावात दोनच येतात त्या दिवशी तिसरी खेप ओढ्यापलीकडच्या वस्तीवर जाते. झालं, हवाच गेली. पण मुलगी चिवट, ती म्हणाली वस्तीवर विचारू की. पुढच्या आठवड्यात पोरं वस्तीवर जाऊन आली, तिथल्या बायकांनी चुलीजवळच्या भिंतीवर कोळशाने खुणा केलेल्या होत्या (आपल्या बायकांना हिशोब ठेवायला कुणी शिकवावं लागत नाही), त्यांचा फोटो काढला, तारखा जुळवल्या. सात दिवसांच्या खेपा खरोखर वस्तीवर गेल्या होत्या. उरल्या चार, ज्या ना गावात आल्या ना वस्तीवर. म्हणजे 'अकरा दिवस चोरी' पासून आम्ही 'चार खेपांचा हिशोब लागत नाही' इथपर्यंत खाली आलो. बातमी लहान झाली पण पक्की झाली. ग्रामसेवकालाही त्या चारचं उत्तर देता येईना, अकरा म्हटलं असतं तर त्याने एका वाक्यात आम्हाला झोपवलं असतं आणि पोरगी आयुष्यभराची खोटारडी ठरली असती.

या सगळ्यात मोबाईलचं काम किती? वहीच्या पानांचे फोटो, भिंतीवरच्या खुणांचे फोटो, टँकर आला की त्याचा एक फोटो, बस. पण तेवढं कामसुद्धा नीट शिकवावं लागतं. फोटोच्या आत तारीख-वेळ आणि लोकेशन चालू असेल तर ठिकाणही दडलेलं असतं, आणि व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो आणि ही माहिती गळून जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर शाबूत राहते. म्हणून मूळ फोटो डिलीट करायचा नाही, त्यावर फिल्टर नाही, बाण नाही, गाणं तर नाहीच. उलट कुणाला लपवायचं असेल तर हेच लोकेशन काढून टाकायचं. हे पोरांना अर्ध्या तासात समजलं.

लोक विचारतील, अभ्यास सोडून हे उद्योग कशाला. अहो पण पोरं हे उद्योग करतायतच की! फक्त शिकवल्याशिवाय करतायत. १ जुलै २०१८ आठवा. धुळे जिल्ह्यातलं साक्री तालुक्यातलं राईनपाडा, बाजाराचा दिवस, मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, मुलं पळवणारी टोळी समजून लोकांनी ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना जिवे मारलं. आणि मारताना व्हिडिओ काढले. मला त्यातला हा भाग सगळ्यात जास्त छळतो, की तिथे मोबाईल कितीतरी होते, कॅमेरे चालू होते, शॉटही कदाचित दहा सेकंदांपेक्षा जास्त धरले असतील. त्या काळात देशभर जी एक क्लिप फिरत होती, बाईकवरचे दोघं गल्लीतलं पोरगं उचलून नेतात ती, ती मुळात कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जाहिरात होती. जाहिरातीच्या शेवटी ते पोरगं परत आणून देतात आणि हातातला फलक दाखवतात. तो शेवट कुणीतरी कापला होता. तो कुणी कापला ते सोडा, पण 'याच्या पुढे काय होतं, हे कुठलंय, कधीचंय' असं विचारणारं एखादं पोरगं प्रत्येक ग्रुपवर असतं तर? त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच जणांना फॉरवर्ड करायची मर्यादा घातली. कंपनीने घातलेली मर्यादा ठीकच आहे, पण आपल्या शाळांनी त्यानंतर काय केलं? क्लिपची एक फ्रेम घेऊन गुगल लेन्सवर ती आधी कुठे आली होती ते बघणं सातवीच्या पोराला जमतं. निबंधात 'मोबाईल शाप की वरदान' मात्र आपण दरवर्षी लिहून घेतो.

आता धोक्याचं बोलू, कारण इथे मला स्वतःला खात्री वाटत नाही आणि वर्कशॉपवाले लोक या विषयावर अजिबात बोलत नाहीत. उत्तर प्रदेशात मिर्झापूर जिल्ह्यात ऑगस्ट २०१९ मध्ये पवन जायसवाल या पत्रकाराने प्राथमिक शाळेतली पोरं मध्यान्ह भोजनात मीठ-पोळी खातायत याचा व्हिडिओ काढला. गुन्हा कुणावर दाखल झाला? पत्रकारावर! ज्या गावकऱ्याने त्याला बोलावलं होतं त्याला तर अटक झाली. जिल्हाधिकाऱ्यांचं म्हणणं असं की हा छापील पेपरचा माणूस, फोटो काढायचा, व्हिडिओ कशाला काढला. पुढे डिसेंबरमध्ये पोलिसांनी पत्रकाराचं नाव वगळलं, पण तोवर व्हायचं ते झालंच. तो तर मोठा माणूस होता, हातात ओळखपत्र, पाठीशी पेपर. त्याच्या जागी त्याच शाळेतली आठवीतली मुलगी असती तर? आपल्या महाराष्ट्रात पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१७ चा कायदा आहे, पण त्यात पत्रकार म्हणजे माध्यम संस्थेत नोकरीवर किंवा करारावर असलेला माणूस. गणिताच्या वहीत खेपा लिहिणारी पोरगी त्यात कुठेच बसत नाही.

शूट करणाऱ्याच्या बाजूनेही थोडं आहे. वर्ध्याच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये सांगितलं की पोलीस ठाणं हे शासकीय गोपनीयता कायद्यात (ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट) म्हटलेलं प्रतिबंधित ठिकाण नाही, तिथे व्हिडिओ काढला म्हणून त्या कायद्याखाली गुन्हा होत नाही. हे पोरांना माहीत असावं. पण मग दुसरी बाजूही तितक्याच ठासून सांगावी, की गुन्ह्यात पीडित किंवा साक्षीदार असलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा, ओळख पटेल असं काहीही दाखवलं तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतं. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पॉक्सोचं कलम २३ आणखी कडक. किती यूट्यूब चॅनलवाले हे पाळतात ते रोज दिसतंच आपल्याला.

आणि अंगाला हात न लागताही त्रास होतो तो वेगळाच. अमेरिकेत मिनिआपोलिसमध्ये २५ मे २०२० ला जॉर्ज फ्लॉइड यांच्या मानेवर पोलिसाने गुडघा दाबून धरला तो व्हिडिओ काढणारी डार्नेला फ्रेझिअर १७ वर्षांची होती, नात्यातल्या ९ वर्षांच्या बहिणीला घेऊन दुकानात निघाली होती. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात फ्लॉइड यांचा मृत्यू ही नुसती वैद्यकीय घटना होती, या पोरीचा व्हिडिओ नसता तर तसंच राहिलं असतं. २०२१ ला पत्रकारितेतल्या पुलित्झर पुरस्काराच्या मंडळाने तिचा खास गौरव केला आणि हल्ली प्रत्येक वर्कशॉपच्या पीपीटीत तिचं नाव असतं. पण तिने कोर्टात साक्ष देताना सांगितलं की मी रात्र रात्र जागून फ्लॉइडची माफी मागत असते, की मी आणखी काही करू शकले नाही, ही स्लाइड कुणी लावत नाही. तिने कुठलंही ट्रेनिंग घेतलेलं नव्हतं हेही लक्षात घ्या. हात स्थिर ठेवायला तिला कुणी शिकवलं नव्हतं.

म्हणून मला वाटतं की पोरांच्या मागे उभं राहणारं माणूस कोण, हे ठरल्याशिवाय पोरांना बातमी करायला पाठवू नये. १८४८ पासून 'प्रभाकर' साप्ताहिकात लोकहितवादींची पत्रं छापून आली तेव्हा गोपाळ हरी देशमुख पंचविशीतले सरकारी नोकर होते, तेही एका अर्थाने नागरिक पत्रकारच म्हणा, पण त्यांच्याकडे टोपणनाव होतं आणि भाऊ महाजनांसारखा संपादक होता. आपण पोरांना ना टोपणनाव देतो ना संपादक, डायरेक्ट इन्स्टावर सोडतो.

हे नीट करून दाखवलेलं आहे, आणि तेही आपल्या गडचिरोलीला लागूनच. छत्तीसगडमध्ये २०१० मध्ये शुभ्रांशु चौधरी यांनी सीजीनेट स्वर सुरू केलं. स्मार्टफोनची गरजच नाही, साध्या फोनवरून मिस्ड कॉल द्यायचा, तिकडून फोन येतो, एक दाबून आपली बातमी सांगायची, दोन दाबून दुसऱ्यांच्या ऐकायच्या, गोंडीत बोललं तरी चालतं. पण आलेलं रेकॉर्डिंग सरळ प्रसारित होत नाही, मधे माणूस बसलेला असतो, तो उलट फोन करून तपासतो आणि मगच सोडतो. आणि बातमी देणारा शेवटी संबंधित अधिकाऱ्याचा फोन नंबर सांगतो, म्हणजे ऐकणाऱ्याने हळहळत बसायचं नाही, त्या साहेबाला फोन लावायचा. शाळेत करायला यातलं काय अवघड आहे? दोन शिक्षक, एक आधी पत्रकारिता केलेला गावातला माणूस, एक आई, असे चार जण आठवड्याला तासभर बसले तरी संपादक मंडळ झालं. पोराच्या नावाने काहीही जाणार नाही, मंडळाच्या नावाने जाईल, आणि शिव्या आल्या तर मंडळ खाईल.

आता संडासाकडे येतो. प्रत्येक शाळेला ११ आकडी यूडायस नंबर (सरकारच्या शाळांच्या माहितीच्या नोंदीतला क्रमांक) असतो, आणि दरवर्षी शाळा त्या फॉर्मात स्वतः भरते की आमच्याकडे मुलींची स्वच्छतागृहं किती, त्यातली चालू किती, पिण्याच्या पाण्याची सोय काय. ही माहिती कुणालाही नेटवर बघता येते, त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्जसुद्धा लागत नाही. शिक्षण हक्क कायद्यात मुला-मुलींची वेगळी स्वच्छतागृहं आणि पिण्याचं पाणी सांगितलेलंच आहे. तर पहिला असाइनमेंट हा की शाळेने काय भरलंय ते काढा, मग जाऊन मोजा. कडी लागते का, पाणी येतं का, बल्ब आहे का, कुलूप असेल तर चावी कुणाकडे. शाळा सुटल्यावर, आत कुणी नसताना फोटो. मग मुख्याध्यापकांची बाजू घ्या, त्यांच्याकडेही सांगण्यासारखं असतं, झाडायला माणूस नाही, मोटर जळाली, अनुदान कधी येईल ते देवाला ठाऊक. यात आकडा तपासणं आलं, परवानगी आली, समोरच्याला विचारणं आलं, आणि चुकलं तर ओरडा खायला माणसं घरचीच. टँकरवाल्याच्या नादी लागण्यापेक्षा हे केव्हाही सुरक्षित. शिवाय जी शाळा पोरांना फक्त बाहेरचा कचरा दाखवायला पाठवते आणि स्वतःच्या दाराला कुलूप लावते, तिची पोरं एक गोष्ट पक्की शिकतात, की बातमी ही नेहमी दुसऱ्याची करायची, आपल्याला ज्याचा त्रास होऊ शकतो त्याची नाही. ते बूमवाले हेच तर शिकून मोठे झालेत.

टँकरच्या बातमीचं सांगायचं राहिलं. मुख्याध्यापक म्हणाले शाळेचं नाव नको. ते चिडले नव्हते, घाबरले होते, आणि त्यांना नावं ठेवणं मला सोपं आहे कारण मी दोन दिवसांचा पाहुणा. मग १ मेच्या ग्रामसभेत ती पानं मुलीच्या आईने वाचून दाखवली, अठराच्या आतल्या पोरीला तिथे बोलायचा हक्क नाही म्हणून. चार तारखा, चार वेळा. आवाज थरथरत होता म्हणे. कुणावर कारवाई वगैरे झाली नाही, पण दुसऱ्या दिवसापासून खेपांच्या वेळा देवळासमोरच्या फळ्यावर खडूने लिहायला लागले, ते पाऊस पडेपर्यंत चाललं. स्टेटसवाला पोरगा त्या मावशीच्या घरी जाऊन क्लिप डिलीट केली असं सांगून आला, तिने त्याला दोन धपाटे घातले आणि चहा दिला.

आता पुन्हा फोन आलाय, या वर्षी वर्कशॉप मोठं करायचंय, ट्रायपॉड आलेत, रिंग लाइट आलाय, प्रमाणपत्रंही छापलीयत. मी म्हटलं येतो, पण पहिल्या दिवशी कॅमेरा नाही, शाळेचा यूडायस फॉर्म आणि मोजपट्टी. पलीकडे जरा शांतता. मग म्हणाले, सरांशी बोलून कळवतो. त्याला आता तीन आठवडे झाले.